गिटारवर गीत रचताना



गिटार हाती घ्यावी, चार कॉर्ड वाजवावेत की गीत तयार, असा आमच्या गायकवृंदाचा समज होता. नोव्हेंबरमधील मृतांच्या मिस्सासाठी नवे मराठी गीत रचायला बसलो आणि तो समज गळून पडला. त्यातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

१. आधी शब्द

जी, सी, डी आणि ई मायनर या कॉर्डवर दोन आठवडे खपून आम्ही चाल बसवली. एका ज्येष्ठ गायकांनी ती ऐकली आणि हसून म्हणाले, "अरे, ही तर आपल्याच जुन्या गीताची चाल!" आम्ही हिरमुसलो. हात नेहमीच्या कॉर्डवर गेले की मनही नेहमीच्याच वाटेने जाते. मग गिटार बाजूला ठेवून आम्ही शब्द नुसते मोठ्याने वाचू लागलो. आश्चर्य म्हणजे वाचण्याच्या चढउतारातच नवी चाल सापडली.

'सायलेंट नाइट' या नाताळगीताचेही शब्द आधीचेच. फादर योझेफ मोर यांनी ते १८१६ साली लिहिले. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे फ्रान्झ ग्रुबर यांनी त्यांना दोन आवाज व गिटारसाठी चाल दिली आणि त्याच रात्री ते गायले गेले. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली, अशी कथा सांगतात. पण ग्रुबर यांनी १८५४ साली लिहिलेल्या हकिकतीत उंदरांचा उल्लेख नाही.

२. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा

'प्रभू' या शब्दात 'प्र' ऱ्हस्व आणि 'भू' दीर्घ. आमच्या चालीत लांब सूर नेमका 'प्र'वर आला आणि ऐकणाऱ्यांना 'प्राभू' ऐकू येऊ लागले. शब्द बदलवेना, म्हणून सूर बदलला.

३. श्वासाला जागा ठेवा

आम्ही मोठ्या अभंगाचा साचा घेतला होता: तीन चरणांत प्रत्येकी ६ अक्षरे, चौथ्यात ४. तीन मात्रांच्या ठेक्यावर ६ अक्षरे दोन आवर्तनांत छान बसली. चौथ्या चरणात मात्र दोन मात्रा रिकाम्या राहू लागल्या. त्या भरायला आम्ही 'रे' आणि 'हो' घातले.

मिस्साच्या दिवशी फक्त गायकवृंदच गात राहिला. बाहेर पती गमावलेल्या एक आजी भेटल्या. म्हणाल्या, "बाबांनो, शब्द माझ्या मनातलेच आहेत. पण सूर फार वर जातो आणि मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही."

ते मनाला लागले. ज्यांच्यासाठी गीत रचले, त्यांनाच ते गाता येईना! 'जी' ही पट्टी आमच्या बोटांना सोपी होती, लोकांच्या गळ्याला नव्हे. गीत आम्ही 'ई'मध्ये उतरवले. वाजवायला सोपे जावे म्हणून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून 'डी'चे कॉर्ड धरले. 'रे' आणि 'हो' काढून टाकले. ज्या दोन रिकाम्या मात्रांची आम्हाला अडचण वाटत होती, त्याच आता श्वासाच्या झाल्या.

पुढच्या मिस्साला दुसऱ्या कडव्यापासून मागच्या बाकांवरून आवाज येऊ लागला. आजीही गात होत्या.

आपल्यातील जे तरुण-तरुणी गिटारवर गीते रचतात, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: नवे गीत माइकवर गाण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांना गायला द्या. ते जिथे थांबतात, तिथे चूक त्यांची नसते. तिथे गीत दुरुस्त करायचे असते.