हेवी डिपॉझिट आणि अटीतलं व्याज

मुंब्रा-कौशात घर शोधायला निघालात की दलाल आधी विचारतो, "भाड्याने हवंय की हेवी डिपॉझिटवर?" हेवीवर घेतलं तर 5-6 लाख एकरकमी द्यायचे, भाडं शून्य, मुदत संपली की रक्कम परत. बँकेच्या व्याजाला हात न लावणारी माणसंही हा सौदा बिनघोर करतात. माझ्या धाकट्या भावाने लग्नानंतर असंच घर घेतलं. पैसे अब्बांनी कुवेतमध्ये राबून साठवलेले होते.

मुदत संपली आणि मालकाने हात वर केले. आमची रक्कम त्याने दुसऱ्या इमारतीत गुंतवली होती आणि ती इमारत अर्धवट उभी होती. "दुसरा हेवीवाला आणा, त्याचे आले की तुमचे देतो," असं त्याचं म्हणणं. नव्याच्या पैशातून जुन्याला फेडायचं, हीच इथली रीत. ती अडली की शेवटचा भाडेकरू अडकतो. वकिलाने कागद पाहिले तर नोंदणी केलेल्या करारात 50 हजार डिपॉझिट आणि किरकोळ भाडं. बाकीची सगळी रक्कम एका साध्या चिठ्ठीवर, साक्षीदाराची सही नाही.

प्रकरण मशिदीच्या कमिटीकडून दारुल इफ्तात, म्हणजे फतवा देणाऱ्या कचेरीत गेलं. मुफ्तीसाहेबांनी एकच विचारलं, "ही रक्कम मालक खर्च करू शकतो का?" हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ती अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव नाही, कर्ज आहे. कर्जाच्या बदल्यात ठरवून घेतलेला फायदा, रोख असो की भाड्याची माफी, सूदच, म्हणजे व्याजच." तोडगाही त्यांनीच सुचवला. चालू दराने भाडं लावायचं, ते मुद्दलातून वळतं करायचं, उरलेली रक्कम हप्त्यांनी आणि सगळं दोन साक्षीदारांसमोर स्टॅम्पपेपरवर. पैसे रखडत आले, पण आले.

तेव्हापासून जमातीतले लोक सौदा करण्याआधी माझ्याकडे येतात. मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार नाही. उलेमांकडून जे समजून घेतलं, तेवढंच सांगतो. व्याज टाळायचं म्हणजे बँकेपासून लांब राहायचं, एवढाच बहुतेकांचा समज असतो. आमच्या रोजच्या व्यवहारात मात्र ते बँकेबाहेरच जास्त भेटतं.

भिशीचंच घ्या. 20 जणांनी दरमहा 5,000 काढायचे, चिठ्ठी निघेल त्याने 1 लाख उचलायचे. प्रत्येकजण भरतो तेवढंच घेतो, म्हणून ही भिशी चालते, असं देवबंदसह बहुतेक दारुल इफ्ता सांगतात. बोलीची भिशी वेगळी. गरजू माणूस 85,000 वर बोली तोडतो, वरचे 15,000 बाकीचे वाटून घेतात आणि तो मात्र पूर्ण 1 लाख भरतो. हे उघड व्याज आहे, आणि ते गटातल्या सर्वांत अडलेल्या माणसाकडून घेतलेलं.

गावाकडे बाग गहाण पडते. सावकाराने पैसे द्यायचे आणि फिटेपर्यंत हापूसचं पीक खायचं, हा हेवी डिपॉझिटचाच सख्खा भाऊ. दुसरा प्रकार म्हणजे मोहोर येण्याआधीच कलमांचं पीक विकणं. कोकणी मुसलमान बहुतांशी धर्मशास्त्राच्या शाफई परंपरेचे, घाटावरचे हनफी परंपरेचे. पण अस्तित्वातच नसलेल्या फळाची विक्री दोघांकडेही रद्दबातल. बागायतदाराला आगाऊ पैसा हवाच असेल तर 'सलम' आहे. पूर्ण किंमत आधी द्यायची. मालाची जात, प्रत, पेट्या, तारीख आणि पोचवण्याची जागा लिहून ठेवायची. मात्र अमक्याच झाडांचा माल, अशी अट नको.

सराफाकडे जुन्या बांगड्या देऊन नव्या घेताना वजनात फरक ठेवला जातो. सोन्याला सोनं समान वजनाने आणि हातोहात, हा हदीसचा स्पष्ट नियम आहे. जुनं आधी विकावं, रोख हातात घ्यावी, मग नवं घ्यावं. दोन पावत्या होतात, एवढाच त्रास.

हप्त्याने वस्तू घेणं नाजायज नाही. रोखीत 30,000 चा फ्रिज दुकानदार हप्त्यांवर 33,000 ला देत असेल तर चालतं, पण किंमत सौद्याच्या वेळी एकच ठरली पाहिजे आणि उशीर झाला म्हणून वाढता कामा नये. पैसे फायनान्स कंपनी देत असेल तर ते कर्ज. तिथे व्याज आणि विलंब-दंड दोन्ही तपासा.

बँकेच्या व्याजावर मतभेद झालेले आहेत. अल-अजहरच्या संशोधन मंडळाने 2002 मध्ये बँकेतल्या गुंतवणुकीवरचा ठरीव परतावा वैध मानला. जेद्दाच्या फिक्ह अकादमीने मात्र 1985 मध्येच बँकेचं व्याज रिबा, म्हणजे निषिद्ध व्याज ठरवलं होतं, आणि आपल्याकडचे उलेमा बहुसंख्येने त्याच मताचे आहेत. खात्यात जमा झालेलं व्याज बँकेत सोडू नये, काढून सवाबच्या (पुण्याच्या) नियतीशिवाय गरजूंना द्यावं, असं ते सांगतात.

सर्वांत सावध राहायचं ते 'हलाल गुंतवणूक' या पाटीपासून. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. त्यामुळे बिनव्याजी पर्याय शोधणारी माणसं खासगी योजनांकडे वळतात. बंगळुरूची, हलाल गुंतवणूक म्हणून पैसे घेणारी आय मॉनेटरी अॅडव्हायझरी 2019 च्या जूनमध्ये कोसळली तेव्हा हजारो कुटुंबांची पुंजी बुडाली. खरं तर शरियतचा नियमच इथे धोका दाखवतो. मुदारबात, म्हणजे एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा भागीदारीत, नफ्याचं प्रमाण ठरतं, रक्कम नाही. आणि धंद्यात तोटा झाला तर तो भांडवल देणाऱ्याचा. 'मुद्दल सुरक्षित, दरमहा अमुक टक्के हमखास' असं सांगणारा माणूस व्याजच देऊ करतोय, नाहीतर फसवतोय.

कर्ज देताना-घेताना लिहायला लाजू नका. सूरह बकराची 282 वी आयत, कुरआनमधली सर्वांत लांब आयत, उधारी लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, याच विषयावर आहे. भावाभावांतही लिहा. त्याच सूरहच्या 280 व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत सवलत द्यायला सांगितलंय. कर्जदाराने परत देताना खुशीने वर काही दिलं तर हरकत नाही; आधी ठरवलं तर हरकत आहे.

आणि फतवा विचारायला जाताना तोंडी हकीकत सांगू नका. मुफ्ती विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतात, आणि आपण प्रश्न आपल्या सोयीने मांडतो. "डिपॉझिट देऊन घर घेतलं तर चालेल का?" असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल. म्हणून कराराचा मसुदा, ती चिठ्ठी, योजनेचं पत्रक असेल ते घेऊन जा, आणि पैसे देण्याआधी जा.