'तिकडं पाऊस कसाय?'

प्रश्न : माझं गाव घनसावंगी तालुक्यात, घरी मोसंबीची बाग. मी नोकरीला पुण्यात. वडील रोज फोन करतात, 'तिकडं पाऊस कसाय?' एवढंच विचारतात आणि ठेवून देतात. त्यांना माझ्याशी बोलायचंच नसतं का?

उत्तर : बोलायचं नसतं तर रोज फोन कशाला केला असता? बागाईतदाराच्या तोंडचा पाऊस म्हणजे नुसतं हवामान नव्हे. २०१२-१३च्या दुष्काळात तुमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरने पाणी घालूनही अनेकांना शेवटी झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. ते पाहिलेल्या माणसाची ख्यालीखुशाली पावसापासूनच सुरू होते.

तुमच्याच तालुक्यातल्या जांबची आख्यायिका आठवा. १६०८ साली जन्मलेला नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, लहानपणी घरातच अंधारात बसलेला सापडला. आईने विचारलं तर म्हणाला, जगाची काळजी करतोय. वरवर पोरकटपणाच, पण आत काळजी! वडिलांच्या एवढ्याशा प्रश्नातही तशीच काळजी दडलेली असते.

उद्या 'बराय' म्हणून थांबू नका. 'विहिरीला पाणी किती हाय, आंबे बहार कसा धरलाय?' असं विचारून बघा. फोन ठेवायची घाई मग बहुधा तुम्हालाच होईल.