विजेची शेगडी तापत नसेल तर

कारागीर बंधूंनो, शेगडी तापेना की प्रथम प्लग काढावा. मग मीटरने कॉइलची दोन्ही टोके तपासावीत. २३० व्होल्टवर चालणारी २००० वॉटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते, १००० वॉटची ५३. काटा हललाच नाही तर तार तुटली समजा.

तुटलेली तार पीळ देऊन जोडण्याची आपल्याकडे सवय आहे. मीही जोडली होती. आठवड्यात त्याच जागी पुन्हा जळाली. जोडताना तार आखूड होते, करंट वाढतो आणि सैल जोड लाल होतो. त्यापेक्षा नवी कॉइल स्वस्त पडते.

तार शाबूत असेल तर चिनीमातीचे कनेक्टर व प्लग पाहा. २००० वॉटला जवळपास ९ अँपिअर करंट लागतो. ६ अँपिअरचा प्लग वितळणारच, १६ चा घ्या.

कॉइल आणि पत्र्याची बॉडी यांच्यात मीटरचा काटा हलला तर शेगडी मुळीच लावू नका. इफ्तारच्या घाईत अर्थिंगची पिन कापून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत. हा जानेशी खेळ आहे.

सुटे भाग मुंबईत लोहार चाळीत मिळतात. अस्तर जुळवायला आपण कापडाचा तुकडा नेतो, तशी जुनी कॉइल सोबत न्यावी. ‘कोणतीही चालेल’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे वॉट आधी विचारावेत.