फी भरण्याआधी सरांना एक गणित घाला

वाशिममधल्या त्या बीएस्सी भौतिकशास्त्राच्या क्लासचं नाव लिहीत नाही. ज्यांनी तिथे पैसे भरलेत त्यांना ते बरोबर कळेल. वर्षाची फी पहिल्याच दिवशी रोख, पावती नाही आणि हातात झेरॉक्सचा गठ्ठा. रिसोड-मालेगावकडून एसटीने येणारी पोरं तो गठ्ठा गाडीतच पाठ करायची. हिवाळी पेपरला यातलंच येतं, असं सर छातीठोकपणे सांगायचे.

माझं बिनसलं ते केंद्रीय बलावर. ग्रहाचं लॅग्रांजियन लिहिलं, थीटा त्यात नाही, फक्त त्याचा वेग आहे, म्हणून कोनीय संवेग कायम. इथवर ठीक. पण पुढे नोट्समध्ये तो संवेग थेट लॅग्रांजियनमध्येच घातला होता आणि मग अंतराचं समीकरण काढलं होतं. असं केलं की केंद्रापसारी पदाचं चिन्ह फिरतं. गुरुत्वाकर्षण आत ओढणार आणि हेही आत ओढणार. पृथ्वी दर जानेवारीत सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर येते आणि जुलैपर्यंत १५.२ कोटींवर जाते. या समीकरणाने ती बिचारी परत जाऊच शकत नाही. आणि तरी पुढच्या ओळीतलं उत्तर बरोबर, पुस्तकासारखं! दोन ओळींच्या मध्ये कुणीतरी उण्याचं अधिक गुपचूप करून टाकलं होतं. त्या दिवशी लक्षात आलं, की इथे भौतिकशास्त्र कुणी करतच नाही, उत्तर आधी ठरलेलं असतं.

"सर, चिन्ह कुठे बदललं?"

"लिहून घे ना बाप्पा. मार्क भेटतात ना?" मागच्या बाकांवर हशा. मी पुन्हा विचारलं. "तुले लय समजते तर तूच शिकव," म्हणत त्यांनी खडू पुढे केला. मी घेतला. आधी अंतराचं समीकरण काढायचं, कायम संवेग त्यानंतर घालायचा, एवढंच फळ्यावर मांडलं. चिन्ह आपोआप बरोबर आलं. सरांनी काही न बोलता फळा पुसला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. उरलेली फी परत मागितली तेव्हा मात्र त्यांना बोलायला भरपूर सुचलं.

तेव्हा बीएस्सीच्या पोरांनो, क्लास लावायचाच असेल तर आधी दुहेरी लंबक सोडवायला सांगा. खालच्या गोळ्याची गतिज ऊर्जा लिहिताना दोन वेगांचे वर्ग नुसते बेरजेत टाकले, तर तिथूनच उठा. दोन्ही कोन आणि त्यांचे वेग सारखे धरले, की खालचा गोळा दोन्ही दोऱ्यांच्या बेरजेइतक्या लांबीच्या एकाच लंबकासारखा फिरायला हवा. कोनांच्या फरकाच्या कोसाइनचं पद नसेल तर तसं होत नाही. अशी तपासणी स्वतःच्या प्रत्येक उत्तरावर करा; ती कुठल्याच गठ्ठ्यात मिळत नाही.

पुस्तक ताकवले-पुराणिकांचं घ्या. त्यातले राम ताकवले म्हणजे पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. इंग्रजी सोपं आहे, मराठी माध्यमातून आलेल्याला झेपतं. गोल्डस्टाईन एमएस्सीसाठी ठेवा, आत्ता तो घेणं म्हणजे निव्वळ मिरवणं. ध्रुवीय सहनिर्देशकांतलं त्वरण एकक सदिशांवरून स्वतः काढता येईपर्यंत लॅग्रांजला हात लावू नका. लॅग्रांजने १७८८च्या ग्रंथात आकृती एकही सापडणार नाही असं बजावून ठेवलंय, पण तो लॅग्रांज होता. तुम्ही आकृती काढा. बाकी रोज थोडं करा, मोबाइल लांब ठेवा वगैरे, ते घरचे सांगतातच.

आणि पावतीबरोबर आणखी एक लिहून घ्या: फोटो वापरायचा नाही. निकाल लागल्यावर त्याच क्लासचा फ्लेक्स पाटणी चौकात झळकला, 'आमचे गुणवंत' म्हणून. त्यात मीही होतो. फोन केला तर म्हणाले, "नाव होते ना बे तुझं, कायले चिडतं?"