सल्लागाराची फी परवडते का? आधी अडचणीची किंमत काढा

ऑर्डरी आहेत, मशीन थांबत नाही, तरी महिनाअखेरीला पगाराला पैसे कमी पडतात. भोसरी असो की शिरोली, लहान कारखानदाराची ही नेहमीची तक्रार. कुणीतरी व्यवसाय सल्लागार सुचवतं आणि लगेच प्रश्न येतो, तो घेणार किती? त्याआधी बघायचं ते हे, की अडचण आपल्याला वर्षाला केवढ्याला पडते.

समजा, महिन्याला 10 लाखांची विक्री आहे, सगळी उधारीवर, आणि पैसे यायला 3 महिने लागतात. म्हणजे कायम 30 लाख बाजारात अडकलेले. वसुली 2 महिन्यांवर आली तर 10 लाख मोकळे होतात. कॅश क्रेडिटचं व्याज 12 टक्के धरलं तर वर्षाला 1 लाख 20 हजार वाचतात.

चांगला सल्लागार आल्याआल्या उपदेश करत नाही. टॅलीतून ग्राहकवार येणी काढायला लावतो, मग एकेका बिलाचा माग काढतो. गोम तिथेच सापडते: बिल ड्रायव्हरबरोबर जातं, ग्राहकाच्या स्टोअरमध्ये पडून राहतं, अकाउंट्सला उशिरा पोचतं आणि पीओ नंबर चुकला म्हणून परत येतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याने पैसे देण्याची मुदत करारातही 45 दिवसांपुढे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मोठ्या ग्राहकाशी भांडायची हिंमत सगळ्यांना होत नाही, हे खरं. पण ऑर्डर घेतानाच ही अट लिहून घेता येते.

आता फीचा हिशोब. 60 हजारांत काम ठरलं आणि सल्लागार जीएसटी लावत असेल, तर 18 टक्क्यांनी बिल 70,800 चं होतं. नियमित जीएसटी भरणाऱ्याला वरच्या 10,800 चं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्याला मिळत नाही, त्याने पूर्ण रक्कम खर्चात धरावी. टीडीएस तुम्हाला लागू आहे का, ते सीएंना विचारा.

महिन्याच्या ठरावीक फीपेक्षा पहिल्यांदा कामावर बोली करावी आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. काय हातात मिळणार, कारखान्यात किती वेळा येणार, प्रवासखर्च कुणाचा, हे कागदावर हवं. ‘कर्ज मंजूर करून देतो, टक्केवारी द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. उद्यम नोंदणीसाठी तर कुणालाच पैसे देऊ नका. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते.

वाया जाणारा माल आणि वेळ हीच अडचण असेल, तर केंद्राची एमएसएमई लीन योजना आधी बघा. 2023 मध्ये ती नव्या रूपात आली तेव्हा सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकारने उचलला होता. सध्या अर्ज घेतले जातात का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारता येईल.

आणि सही करण्याआधी सल्लागाराच्या दोन जुन्या ग्राहकांना फोन करा. तो गेल्यावरही बसवलेली पद्धत चालू आहे का, एवढं नक्की विचारा.