छळराज्याची चित्रे : ‘गुलामगिरी’चे चित्रकादंबरीतील रूपांतर

रूपांतर ही मराठी वाङ्मयाला नवी गोष्ट नाही. आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि देवलांचे ‘झुंझारराव’ यांच्यापासून शेक्सपिअर मराठी पेहरावात वावरू लागला, श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ रंगभूमीवर गेली आणि पडद्यावरही आली. तथापि या साऱ्या रूपांतरांत शब्दाला मुखातून उच्चारले जाण्याची संधी कायम राहिली होती. चित्रकादंबरीत, म्हणजे ज्याला सामान्यतः ग्राफिक नॉव्हेल म्हटले जाते त्या प्रकारात, शब्द मूक होतो. तो चित्राच्या शेजारी किंवा चित्राच्या पोटात लिहिला जातो आणि त्याला मिळणारी जागाही अगदी तुटपुंजी असते. ज्या संहितांचा विषयच मुळी शब्दांवरील सत्ता हा आहे, त्या या माध्यमात गेल्या म्हणजे त्यांचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाची पाश्चात्त्य उदाहरणे परिचित आहेत. ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) ब्राझीलचे चित्रकार फिदो नेस्ती यांनी २०२० मध्ये चित्रकादंबरीत आणली. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कादंबरीचे टिम हॅमिल्टन यांनी केलेले रूपांतर २००९ मध्ये निघाले आणि त्याला स्वतः ब्रॅडबरींनी प्रस्तावना लिहिली. या दुसऱ्या उदाहरणात एक गमतीचा पेच आहे. कादंबरीतील अग्निशमन दलाचा प्रमुख कॅप्टन बीटी जो इतिहास सांगतो, त्यात ग्रंथ आधी आखूड झाले, मग सारांश झाले आणि शेवटी जाळले गेले. चित्रपुस्तके मात्र वाचण्याची मुभा राहिली, कारण ती कोणाला अस्वस्थ करीत नाहीत असा राज्यकर्त्यांचा समज होता. अशा कादंबरीचे चित्रपुस्तक करणे म्हणजे एका अर्थाने बीटीच्याच अंगणात उभे राहून त्याचा प्रतिवाद करणे होय. हॅमिल्टन यांनी तो रंगांच्या आधाराने केला. मंद, मळकट रंगांच्या पानांवर ज्वाळा उसळली की वाचकाला प्रथम तिचा मोह पडतो आणि मगच तिची भीती वाटते. कादंबरीच्या नायकाचा अनुभव नेमका हाच आहे.

मराठीत या जातीची अभिजात कादंबरी शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. सर्वंकष सत्तेखाली चिरडलेल्या भविष्यकाळाचे कल्पनाचित्र आपल्या कादंबरीने क्वचितच रेखाटले. याचे कारण कल्पनाशक्तीच्या दारिद्र्यात शोधण्यापेक्षा वास्तवात शोधावे हे बरे. ज्या समाजातील मोठ्या जनसमूहाला पाणी, वाट, अक्षर आणि सावली यांबाबत निर्बंध सोसावे लागले, त्या समाजाला छळराज्य पाहण्यासाठी पुढल्या शतकात जाण्याची निकड नव्हती. मराठीतील छळराज्याचे पहिले मोठे विश्लेषण म्हणूनच कादंबरीत न सापडता जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) सापडते. ही कादंबरी नव्हे. धोंडीबा आणि जोतीराव यांचा तो संवाद आहे. परंतु तिच्यातील विचारव्यूह ऑर्वेलच्या कादंबरीशी ज्या ठिकाणी जुळतो, ते ठिकाण दोन्ही ग्रंथांच्या गाभ्याशी आहे. ऑर्वेलचा विन्स्टन स्मिथ सत्य-मंत्रालयात बसून जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर बदलतो, कारण भूतकाळ ज्याच्या मुठीत त्याच्या मुठीत पुढचे सारे, हे तेथील पक्षाला ठाऊक आहे. जोतीरावांचा सिद्धांतही असाच आहे. पुराणे ही त्यांच्या मते जेत्यांनी बदललेली दप्तरे होत. पराभूत राजे त्यांत राक्षस झाले, आक्रमक टोळीनायक अवतार झाले आणि पराभूतांच्या मुलांना हेच पाठ करून घेण्याची सवय लावली गेली. विन्स्टनला मूळ कागद कधीच परत मिळत नाही. जोतीराव मात्र बदललेल्या कागदावरूनच मूळ मजकूर वाचण्याचा खटाटोप करतात.

या ग्रंथाचे चित्रकादंबरीतील रूपांतर २०११ मध्ये नवायन या प्रकाशनसंस्थेने इंग्रजीत प्रसिद्ध केले. ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे त्याचे नाव. लेखन श्रीविद्या नटराजन यांचे आणि कृष्णधवल चित्रे अपराजिता निनान यांची. त्याच वर्षी त्याच संस्थेने ‘भीमायन’ही काढले. त्यात दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांच्या आठवणी रंगविल्या आहेत.

‘गुलामगिरी’ चित्रात आणताना पहिली अडचण अवतारांची येते. जोतीरावांची पद्धत मुखवटा उतरविण्याची आहे. त्यांच्या लेखी मच्छ म्हणजे माशाप्रमाणे झपाट्याने पाणी कापणाऱ्या मचव्यांतून आलेल्या टोळीचा नायक आणि नृसिंह म्हणजे सिंहाचे सोंग घेऊन दगा देणारा माणूस. जनावराचे कातडे सोलून आतला माणूस दाखवावयाचा, हा त्यांचा बाणा. चित्रकथेची प्रवृत्ती याच्या उलट दिशेने धावते. आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ मध्ये माणसांना उंदरांची व मांजरांची तोंडे दिली गेली आणि त्या मुखवट्यांमुळेच छळछावणीची कथा सांगणे शक्य झाले. चित्रकार मुखवटा चढवून अर्थ निर्माण करतो. जोतीराव तो उतरवून करतात. मासा काढला तर पुराण जिंकते. नुसता माणूस काढला तर जोतीरावांनी कशाची उलथापालथ केली हे वाचकाला कळत नाही. दोन्ही एकाच चौकटीत दिसावयास हवेत.

ही अडचण १८७३ मधील वाचकाला भासली नसती, हे ध्यानात घ्यावयास हवे. त्या वाचकाचे, अधिक नेमके म्हणजे त्या श्रोत्याचे, अवतार कानातून आले होते. कीर्तनकार, पुराणिक आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्याकडून ते त्याने ऐकले होते. रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ नंतर देवांच्या रंगीत तसबिरी घरोघर पोहोचविल्या आणि अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ने १९६७ पासून मुलांच्या अनेक पिढ्यांना देवदैत्यांची ठरीव रूपे दिली. आजच्या विद्यार्थ्याने वामनाचा पाय बळीच्या मस्तकावर पाहिलेला असतो, ऐकलेला नसतो. जोतीरावांना कानांवरील संस्कार पुसावयाचा होता, रूपांतरकारांना डोळ्यांवरील संस्कार पुसावयाचा आहे. त्यासाठी वापरावयाचे हत्यारही तेच, म्हणजे चौकट आणि फुगा. ‘अमर चित्र कथे’च्या तंत्राने ‘अमर चित्र कथे’चे खंडन करण्यात जो खोडकरपणा आहे तो जोतीरावांच्या स्वभावाला शोभणारा आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि तिच्यावर मात झाली असे म्हणवत नाही. जोतीरावांचा युक्तिवाद पुष्कळदा शब्दाच्या फोडीवर उभा असतो. महार हा शब्द ते ‘महाअरी’ असा फोडतात, म्हणजे मोठा शत्रू. म्हसोबात त्यांना ‘महासुभा’ दिसतो, खंडोबात बळीराजाचा अधिकारी दिसतो. भाषाशास्त्राच्या कसोटीला या व्युत्पत्ती उतरत नाहीत आणि त्यांच्यावर उभारलेला आक्रमणाचा इतिहासही आजचा इतिहासकार जसाच्या तसा स्वीकारणार नाही. परंतु त्यांचे सामर्थ्य वेगळ्या जागी आहे. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द उघडून त्यातून पराक्रम बाहेर काढणे, ही एका प्रतिपुराणाची रचना होय. ती मराठी उच्चारावर अवलंबून आहे. इंग्रजी फुग्यात तिची केवळ बातमी देता येते; ती घडताना दिसत नाही. ‘गुलामगिरी’ची धारही अशीच तिच्या बोलीत आहे. धोंडीबाचे भाबडे वाटणारे प्रश्न, ब्रह्मदेवाने मुख, बाहू, मांड्या व पाय यांतून प्रसव केला तर त्याला त्या त्या ठिकाणी विटाळ येत असे काय, अशी रांगडी चौकशी, हे सारे ओटीवरच्या मराठीत आहे. इंग्रजीत ती चौकशी विनोद म्हणून उरते, अपमान म्हणून उरत नाही. येथे रूपांतर दोनदा घडले आहे, एकदा भाषेत आणि एकदा माध्यमात. आणि पहिल्याने केलेले नुकसान दुसऱ्याच्या नावावर मांडले जाऊ नये. ऑर्वेलच्या ‘न्यूस्पीक’शी ताडून पाहिल्यास ही बाब अधिक स्पष्ट होते. तेथे शब्द कमी करून विचार अशक्य केला जातो. येथे एका शब्दात दडलेला दुसरा शब्द उघड करून विचार शक्य केला जातो.

मात्र देवनागरीत हेच काम चित्रकादंबरी मूळ ग्रंथापेक्षाही चांगले करू शकेल, असे मानण्यास जागा आहे. या माध्यमात अक्षर हे चित्रच असते. ‘महार’ या अक्षरांना तडा जाऊन त्यांतून ‘महा’ आणि ‘अरी’ सुटे होताना दाखविणे कुशल अक्षरकाराला अवघड नाही. ‘भीमायन’ मध्ये फुग्यांच्या आकारांनी असे काम केले आहे: सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, विषारी बोलणे विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. शब्द वाचण्यापूर्वीच तो डसतो. व्यामांनी काटकोनी चौकटीही नाकारल्या, माणसांना पेटीत कोंडणे त्यांना रुचले नाही. जातीच्या पेटीतून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाचे चरित्र बिनचौकटीच्या पानावर येते, ही निवड त्या ग्रंथाची मोठी जमेची बाजू होय.

‘गार्डनर’ची जमेची बाजू अन्यत्र आहे. मूळ ‘गुलामगिरी’त दोन पुरुष बोलतात. रूपांतरात लेखिका आणि चित्रकर्ती स्वतः पात्रे म्हणून वावरतात आणि सावित्रीबाईंना, ज्या मूळ संवादात बोलत नाहीत, ठळक स्थान मिळते. शाळेच्या वाटेवर अंगावर येणारा चिखल व शेण यांचा प्रसंग कोणत्याही भाष्याशिवाय पानावर उभा राहतो. निष्ठेचा कडक निकष लावणारा समीक्षक ही भर अप्रस्तुत ठरवील. परंतु १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाच्या ग्रंथात स्त्रीचा आवाज नसणे ही मूळ संहितेतील पोकळी होती. रूपांतराने ती हेरली. चांगले रूपांतर हे टीकाही असते ते असे.

कोकणातील वाचकाला या ग्रंथातील परशुरामाचे प्रकरण विशेष जवळचे आहे. चिपळूणजवळच्या परशुराम गावी त्याचे देवस्थान आहे आणि त्यानेच समुद्र हटवून ही भूमी मिळविली ही कथा रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला सांगावी लागत नाही. जोतीरावांनी या चिरंजीवाला चक्क नोटीस काढली: तू जर अमर असशील तर ६ महिन्यांच्या आत हजर हो. पुराणाला सरकारी कागदाच्या भाषेत जाब विचारण्याची ही युक्ती मराठी उपहासात अपूर्व म्हणावी लागेल. तिला दृश्यरूप देण्यास विशेष कल्पकता लागत नाही. नोटीस हा पाहण्याचाच कागद असतो. खरी कसोटी पुढे आहे, कारण मुदत टळते आणि कोणी येत नाही. हे न येणे कसे काढावे? स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, चित्रकथेतील पुष्कळशी क्रिया दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत, वाचकाच्या मनात घडते. परशुरामाच्या अनुपस्थितीला अशी कोरी पट्टी हे घर आयते मिळते. गद्यात जोतीरावांना ती शब्दांनी भरावी लागली.

याच किनाऱ्यावर या माध्यमाचा एक जुना आप्तही आहे. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात आणि त्यानंतर सिंधुदुर्गात मोडणाऱ्या पिंगुळी गावातील ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्या जपत आले. एकेक चित्र समोर धरावयाचे आणि गाऊन कथा सांगावयाची, अशी ती रीत. चित्रकादंबरीत गाणारा नाहीसा होतो आणि त्याचे काम वाचकावर पडते, एवढाच काय तो फरक. चित्रकथीच्या पोथ्यांत रामायण-महाभारतातील प्रसंग आहेत. बळीच्या बाजूने रंगविलेली पोथी मात्र कोणी काढली पाहिजे, आणि तिचे बीज लोकरीतीत आहेच: दिवाळीत इडापिडा टळण्याची व बळीचे राज्य परतण्याची मागणी बायका ओवाळताना करीत आल्या, आणि जोतीरावांनी ती आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मांडली.

कायद्याचा अडथळा येथे नाही. जोतीराव १८९० मध्ये गेले. ऑर्वेल १९५० मध्ये गेला आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपत असल्याने २०११ पासून त्याचे लेखनही आपल्याकडे मुक्त आहे. पदव्युत्तर वर्गात ‘गुलामगिरी’चे एखादे प्रकरण चौकटींत मांडण्याचे काम विद्यार्थ्यांना दिल्यास, कोणते वाक्य फुग्यात जाईल, कोणते चित्रात विरघळेल आणि कोणते कशातच मावणार नाही, याची निवड त्यांना करावी लागेल. न मावणारी वाक्ये वेगळी काढून ठेवावीत. जोतीरावांच्या गद्यशैलीचा अभ्यास तेथून सुरू करता येतो.