बी.कॉम.च्या जोडीला डिजिटल शिक्षण : खरा खर्च किती?

मुलगा किंवा मुलगी बी.कॉम.ला, बीबीएला गेली की घरी क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. डिजिटल मार्केटिंग, डेटा अ‍ॅनालिटिक्स, नोकरीची हमी, फी फक्त ३०,०००. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो, तेव्हा तो फीत धरलाय का, हे आधी विचारा. नसेल तर ५,४०० रुपये वर गेले.

माझं मत असं की, क्लासचा नंबर सगळ्यात शेवटी. घरात लॅपटॉप नसेल तर पहिला खर्च तोच. ८ जीबी रॅमचा, चांगल्या स्थितीतला जुनाही चालेल. डेटा विश्लेषणाचं पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत मिळतं, पण विंडोजवरच चालतं. मोबाइलवर भागवता येत नाही. गूगल अ‍ॅड्सची परीक्षा स्किलशॉप या गूगलच्याच प्रशिक्षण संकेतस्थळावर विनामूल्य आहे. प्रमाणपत्र वर्षभर चालतं.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी तर परवानाही लागत नाही. टॅलीप्राइम एज्युकेशन मोडमध्ये फुकट चालतं, फक्त नोंदी महिन्याच्या ठरावीक तारखांनाच होतात. सरावाला तेवढं पुष्कळ झालं. ओळखीच्या दुकानदाराकडून महिन्याभराची बिलं मागून आणा, उपलब्ध तारखांवर नोंदवा आणि जीएसटीचा आकडा त्यांच्या अकाउंटंटच्या आकड्याशी जुळतो का पाहा. जुळणार नाही. कुठे बिल गहाळ असेल, कुठे जीएसटी क्रमांक चुकलेला. तो फरक शोधताना जे कळतं, ते क्लासच्या तयार उदाहरणांत सहसा नसतं. (दुकानदाराला चहा पाजावा लागेल, तो खर्च धरा.)

प्रमाणपत्र हवंच असेल तर ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल पाहा. शिकणं मोफत, परीक्षेला पैसे. त्यावरच्या आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातल्या विषयाला सध्या १,००० रुपये पडतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. गुणांत स्वाध्यायांचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयम्’मधून घेता येतात. पण तुमचं कॉलेज त्याच विषयाचे क्रेडिट देणार का, हे परीक्षेचा अर्ज भरण्याआधी लेखी विचारा. नाहीतर हजार रुपयांत नुसता कागद हाती येतो.

एवढं करूनही क्लास लावायचाच असेल, तर ‘बिनव्याजी हप्ता’ हा शब्द ऐकून सही करू नका. बहुतेक वेळा ते एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं. मुलाने महिन्याभरात क्लास सोडला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. कर्ज देणाऱ्याकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा, त्यात वार्षिक खर्चाचा दर असतो. पैसे परत मिळण्याच्या अटी पावतीसोबत घ्या. नोकरीच्या हमीच्या खोट्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये मनाई केली आहे. तसं पत्रक हाती आलं तर जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.